अब्बांचे दात

२०२४ च्या रमजानमधला तिसरा की चौथा रोजा असेल. मी नाशिकहून घोटीला घरी आलो होतो. मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात टाकला आणि अम्मीने पुढे केलेल्या लिंबू सरबताचा पहिला घोट घेतला, तशी वरच्या पुढच्या दातांतून अशी कळ गेली की ग्लास खाली ठेवावा लागला. बर्फ जास्त झाला असेल, असं मी म्हणालो. बर्फ बाजूला काढून दुसरा घोट घेतला. पुन्हा तेच.

समोर अब्बा बसले होते. गेली वीस-बावीस वर्षं ते थंड काही पीत नाहीत. इफ्तारलाही माठातलं पाणी नको, साधं पिंपातलं हवं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "आगे के दाँत में?"

मी मान हलवली. ते काही बोलले नाहीत. भज्यांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि नमाजला उठले. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट दिसलं. आपल्या मुलाला आपलंच दुखणं लागलं, असं त्यांना वाटलं होतं.

अब्बांच्या दातांबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. त्यांचे वरचे पुढचे सहा दात अर्धे राहिलेत. तुटलेले नाहीत, किडलेले नाहीत, झिजलेत. साबणाची वडी वापरून वापरून गुळगुळीत आणि पातळ होते, तसे. रंग पिवळा. खालचे पुढचे त्यांच्यापेक्षा थोडे बरे. दाढा मात्र शाबूत; बासष्टाव्या वर्षीही माणूस भाजलेले हरभरे कडाकडा फोडतो. बोलताना, हसताना त्यांचा डावा हात आपोआप तोंडाशी जातो. माझ्या लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते ओठ मिटून उभे आहेत. पाहुण्यांना वाटलं, नवरदेवाचे वडील नाराज आहेत.

लोकांनी या दातांचा अर्थ आपापल्या परीने लावला. आमच्या भागात पिवळे, झिजलेले दात म्हणजे तंबाखू, गुटखा किंवा मशेरी, चौथं कारण कोणाला सुचत नाही. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या मंडळींपैकी एकाने जाता जाता दारातच म्हटलं, "लड़की का बाप तो तंबाकूवाला दिखता है." ते अब्बांनी ऐकलं. ज्या माणसाने आयुष्यात पानसुद्धा खाल्लं नाही त्याने ते ऐकलं आणि उलट उत्तर दिलं नाही. पुढे एकदा दातांच्या डॉक्टरकडे गेले तर त्यांनीही तोंड उघडल्या उघडल्या विचारलं, "पुडी किती वर्षं खाता?" अब्बा म्हणाले, "खात नाही." डॉक्टर हसले. त्यानंतर अब्बा कोणत्याच दवाखान्यात दातांसाठी गेले नाहीत.

आणखी एक गोष्ट गेली, ती मला फार उशिरा कळली. अब्बांचा आवाज चांगला होता. मोहल्ल्यातल्या मशिदीत मुअज्जिन गावाला गेले की अजान अब्बा देत. मी सहावी-सातवीत असताना त्यांनी ते बंद केलं. दुकानात वेळ मिळत नाही, असं कारण सांगितलं. खरं कारण अम्मीने मला गेल्या वर्षी सांगितलं. अजानमध्ये 'सलाह' आणि 'फलाह' हे शब्द येतात. 'स' म्हणताना हवा पुढच्या दातांच्या कडेवरून जावी लागते आणि अरबी 'फ'साठी वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकावी लागते. तजवीद शिकलेल्या कोणालाही हे मखारिज ठाऊक असतात. अब्बांच्या दातांना टेकायला कडच उरली नव्हती. 'स'ची शिट्टी होत होती. एका लहान पोराने मशिदीच्या अंगणात त्यांची नक्कल केली आणि दुसऱ्या दिवसापासून अब्बा माइकपाशी गेले नाहीत.

अब्बांचं दुकान महामार्गाला लागून होतं. बॅटरीचं काम. मुंबई-आग्रा रस्त्यावर कसारा घाट चढून आलेला ट्रक इगतपुरी सोडली की घोटीला थांबतो. चहा, हवा, पंक्चर आणि बॅटरी, या चार गोष्टींवर आमच्या मोहल्ल्यातली निम्मी घरं चालली. गावाची ओळख तांदळाची, भाताच्या गिरण्यांची. पण गिरण्या आमच्या नव्हत्या, आमचा होता रस्ता. १९७६ मध्ये, चौदाव्या वर्षी, अब्बा दुसऱ्याच्या दुकानात हाताखाली लागले. नंतर स्वतःचं टाकलं आणि २०१६ मध्ये बंद केलं. म्हणजे चाळीस वर्षं.

आताच्या पिढीने हे काम पाहिलेलं नाही, म्हणून सांगतो. आता बॅटरी बंद डब्यासारखी येते, संपली की बदलायची. तेव्हा ती उघडून दुरुस्त करत. वरचं डांबर तापवून काढायचं, आतल्या शिशाच्या प्लेटी काढायच्या, खराब झालेली बदलायची, पुन्हा डांबर ओतायचं. मग तेजाब भरायचं, म्हणजे पाणी घातलेलं गंधकाम्ल. काचेच्या हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघायची. 'बाराशे पन्नास' भरली की बॅटरी तयार. पण त्याआधी तिला रात्रभर चार्जिंगला लावायचं, आणि चार्जिंगला लावताना सहाही घरांची बुचं उघडी ठेवायची. तेजाब बुडबुडू लागतं. प्रत्येक बुडबुडा फुटताना तेजाबाचा अगदी बारीक तुषार हवेत जातो. तो दिसत नाही, घशाला कळतो. अब्बांच्या शर्टांना छातीपाशी जी भोकं पडत ती त्यातूनच. अम्मी रफू करून थकली आणि शेवटी दुकानाचे कपडेच वेगळे केले.

त्यात आमचा पाऊस. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वायपर, दिवे, भिजलेल्या वायरी, या सगळ्यामुळे पावसाळ्यात बॅटरीचं काम वाढतं. आणि पाऊस आत येऊ नये म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत पंधरा-वीस बॅटऱ्या बुडबुडतायत आणि अब्बा तिथेच बसून गिऱ्हाइकाशी बोलतायत. आता मला वाटतं, बोलतायत हेच मुख्य. तोंड मिटलेल्या माणसाच्या दातांवर ओठांचं झाकण असतं. बोलणाऱ्याचे वरचे पुढचे दात उघडे पडतात. अब्बा पहिल्यापासून बोलके.

घसा खवखवला की अब्बा गूळ खायचे. हाताला तेजाब लागलं की खाण्याचा सोडा. सोड्याचा डबा दुकानात कायम भरलेला असे. बाकावर सांडलं, बोटाला लागलं, कपड्यावर उडलं की चिमूटभर सोडा. तो फसफसला की समजायचं, तेजाब मेलं. चाळीस वर्षांत तो सोडा हाताला लागला, लाकडाला लागला, लोखंडाला लागला. तोंडालाही तो लागतो, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

ईद झाल्यावर मी नाशिकला एका दंतवैद्य बाईंकडे गेलो. अब्बांना चष्म्याचा नंबर काढायचा होता म्हणून तेही बरोबर होते. ते बाहेर बाकावर बसले. बाईंनी माझे दात आरशाने बघितले, हवेचा फुंकर मारला (मी खुर्चीतून उडालो) आणि ब्रश कसा करता हे न विचारता विचारलं, "सर, तुम्ही पिता काय?"

मी म्हटलं, मी काही पीत नाही. त्या हसल्या. "तसं नव्हे हो. आंबट काय काय पोटात जातं दिवसभरात?"

मग यादी निघाली. २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने सकाळी उठल्यावर लिंबू-मधाचं पाणी सुरू केलं होतं, ते चार वर्षं चालूच होतं. तेव्हाच चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या नारंगी गोळ्या सुरू केल्या. कोरोना गेला, गोळ्यांची सवय राहिली. वर्गात घसा कोरडा पडला की एक टाकायची. उन्हाळ्यात शाळेबाहेरची करवंदं आणि मीठ लावलेली कैरी. आणि या सगळ्यावर माझा शहाणपणा असा की लिंबूपाणी पिऊन झालं की लगेच कडक ब्रशने दात घासायचे, म्हणजे आंबटपणा निघून जातो.

"आंबटपणा नाही, दात निघून जातो," बाई म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. दातावरचं पांढरं, चकचकीत कवच म्हणजे इनॅमल. पाठ्यपुस्तकात त्याला दंतवल्क म्हणतात. आपल्या शरीरातली ही सगळ्यात कठीण गोष्ट. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजच, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचे हायड्रॉक्सिअपेटाइट नावाचे स्फटिक, घट्ट रचून ठेवलेले. तोंडात आम्ल आलं की हे स्फटिक विरघळू लागतात. त्याची एक सीमारेषा आहे. सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधून खनिज बाहेर पडू लागतं. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच, कोलाचा अडीचच्या आसपास. या मोजमापात एक आकडा खाली म्हणजे दहापट आम्ल, हे मी पोरांना फळ्यावर शिकवतो. बॅटरीतल्या तेजाबाचा सामू एकच्याही खाली.

पण खनिज बाहेर पडलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, आणि इथेच मी खुर्चीत जरा सरळ बसलो. आपली लाळ ही नुसतं पाणी नव्हे. तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, आम्ल मारायला बायकार्बोनेट असतं. आंबट खाल्ल्यावर दाताचा वरचा अगदी पातळ थर, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावा इतका, मऊ पडतो. गेलेला नसतो, मऊ पडलेला असतो. त्याला वेळ दिला तर लाळ त्याच्यात पुन्हा खनिज भरते. तेवढ्यात त्यावर ब्रश फिरवला तर तो मऊ थर खरवडून निघतो, आणि एकदा निघाला की परत येत नाही. इनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच असतात, नंतर नाहीशा होतात. मोडलेलं हाड सांधतं कारण त्यात जिवंत पेशी असतात. इनॅमलमध्ये कोणीच राहत नाही.

म्हणजे दुरुस्ती होते ती फक्त मधल्या अवस्थेत. मऊ झालेलं पुन्हा टणक होऊ शकतं. झिजून गेलेलं उगवत नाही. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर चार वर्षं मी रोज सकाळी स्वतःच्या दातांवर पॉलिश पेपर मारला नसता.

इथे बाईंनी किडण्यातला आणि या झिजेतला एक फरक सांगितला, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कीड लागायच्या सुरुवातीला दातावर पांढरा डाग दिसतो. तिथे खनिज आतून गेलेलं असतं, पण वरचा पापुद्रा आणि आतला सांगाडा शाबूत असतो, म्हणून त्यात पुन्हा खनिज भरायला जागा मिळते. आम्लाच्या झिजेत पृष्ठभागच थराथराने जातो. भिंतीचा गिलावा पोकळ झाला तर भरता येतो. वीटच वाहून गेली तर गिलावा कशाला लावणार? म्हणून 'दातांवर पुन्हा इनॅमल आणा' असं सांगणारे जे व्हिडिओ आपल्याला रोज येतात, अंड्याच्या कवचाची पूड, खोबरेल तेलाची गुळणी, अमुक मुळी, त्यांच्यावर माझा आता विश्वास नाही. तोंडाला त्याने तरतरी येत असेल. कवच येत नाही.

काय उपयोगाचं आहे, ते मी विचारून घेतलं. पहिलं फ्लोराइड. ते असलं की परत बसणारं खनिज थोडं वेगळं, आम्लाला जास्त दाद न देणारं बनतं. त्याची सीमारेषा ५.५ वरून साधारण ४.५ पर्यंत खाली जाते. अर्थात लिंबू त्याच्याही खालीच आहे, म्हणजे फ्लोराइड लावून लिंबू चोखायला मोकळीक नाही. आपल्याकडे पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंत फ्लोराइड चालतं. घरी जाऊन मी माझ्या जडीबुटीवाल्या पेस्टचं खोकं वाचलं. त्यात फ्लोराइड नव्हतंच. (यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातच जास्त फ्लोराइड आहे, तिथे दातांवर डाग पडतात ती वेगळी कहाणी. पेस्ट थुंकायची असते, ते पाणी पोटात जातं.)

दुसरं, दुधातल्या केसिन या प्रथिनापासून काढलेलं एक मलम. मेलबर्न विद्यापीठातल्या एरिक रेनल्ड्स यांच्या गटाने ते शोधलं. केसिनचे तुकडे कॅल्शियम आणि फॉस्फेट धरून ठेवतात आणि दाताच्या पृष्ठभागापाशी सोडतात. हे ऐकून मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? हलाल आहे का. बाई म्हणाल्या, दूध आहे हो, दुधाची अॅलर्जी असेल तरच नको. तिसरं, हायड्रॉक्सिअपेटाइटच असलेली पेस्ट. जपानमध्ये ती १९८० पासून विकली जाते, आपल्याकडे आता दिसू लागलीय. या तिघांत बाईंचा भर फ्लोराइडवर होता. बाकीचे दोन परवडले तर घ्या, म्हणाल्या. आधी लिंबूपाणी बंद करा, ते फुकट आहे.

मग बाहेर बसलेले अब्बा मला आठवले. मी म्हटलं, माझ्या वडिलांचेही दात असेच आहेत, माझ्यापेक्षा फार वाईट. एकदा बघाल का? अब्बा आत यायला तयार नव्हते. बाई स्वतः दारापर्यंत गेल्या. "बाबा, दोन मिनिटं. काही करणार नाही, फक्त बघते."

त्यांनी बराच वेळ बघितलं. दाढा बघितल्या, हिरड्या बघितल्या, गालाच्या आतून बोट फिरवलं. मग आरसा खाली ठेवून विचारलं, "बाबा, तुम्ही काम काय करत होता?"

अब्बा म्हणाले, "बॅटरीचं."

"चार्जिंगचं?"

"हो."

बाईंनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे तंबाखूचं नाही. तंबाखू खाणाऱ्याच्या दातांवर डाग असतात, हिरड्या गेलेल्या असतात, गाल आतून पांढरट, चरबट असतो. यांचं तोंड स्वच्छ आहे. पुढचे दात गेलेत आणि दाढा जशाच्या तशा. हे हवेतून आलेलं आम्ल आहे." दात पिवळे का, तेही सांगितलं. तो डाग नाही. इनॅमल पातळ झालं की आतल्या डेन्टिनचा मूळचा पिवळा रंग दिसू लागतो. माझ्या बहिणीच्या सोयरिकीच्या वेळी ज्याला लोक तंबाखू समजले तो अब्बांच्या स्वतःच्या दाताचा आतला रंग होता.

अब्बा खुर्चीत तसेच बसून होते. त्यांचा हात तोंडाशी गेला नव्हता. पंचवीस वर्षांत त्यांना कोणी 'काय खाता' ऐवजी 'काय काम करता' असं पहिल्यांदाच विचारलं होतं.

नंतर मी जरा वाचन केलं. ही काही नवी माहिती नाही. बॅटरी कारखान्यांतल्या कामगारांचे दात गंधकाम्लाने झिजतात यावरचा निबंध ब्रिटनमधल्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात १९६१ मध्ये छापून आलेला आहे. अब्बांचा जन्म त्यानंतरचा. जर्मनीत आम्लाने दात झिजणं हा व्यावसायिक आजारांच्या अधिकृत यादीतला आजार आहे, त्याला स्वतंत्र क्रमांक आहे. गंधकाम्लाच्या तुषारांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९२ मध्येच कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलं; हे वाचल्यावर मी अब्बांचा घसा तपासून घेतला, तो अल्हम्दुलिल्लाह ठीक निघाला. आणि आपल्या जिल्ह्याचं एक उदाहरण: नाशिक द्राक्षांचं आणि वाइनचं गाव, आणि जगभर वाइन चाखण्याचा धंदा करणाऱ्यांचे दात झिजतात हे संशोधनातून दिसलेलं आहे. त्यांचंही दुखणं कामाचंच. पण त्यांना कोणी पुडी किती खाता असं विचारत नसेल. कारखान्याच्या कामगाराला निदान कारखाना असतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येतं. दहा बाय बाराच्या दुकानात मालकही अब्बा, कामगारही अब्बा.

त्यांनी ऐकलं असतं का, तेही सांगता येत नाही. पंखा बाहेरच्या बाजूला फिरवा, शटर उघडं ठेवा, बॅटऱ्या मागच्या पडवीत लावा, अधूनमधून चूळ भरा, एवढंच करायचं होतं. एक ग्लास पाण्यात छोटा चमचाभर सोडा घालून गुळणी केली तरी तोंडातलं आम्ल मरतं. ज्यांना पित्ताचं पाणी वर येतं किंवा उलट्या होतात त्यांनाही बाई हेच सांगतात. सोडा हातभर अंतरावर होता. हे मी अब्बांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. हात तोंडावर न ठेवता.

रमजानबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण माझी कळ तिथून सुरू झाली. रोज्यात दिवसभर तोंडात काही जात नाही, म्हणजे दातांवर आम्लाचे हल्लेही होत नाहीत. त्या बाबतीत रोजा दातांना बराच म्हणायचा. पण संध्याकाळपर्यंत लाळ कमी झालेली असते. त्या कोरड्या तोंडात आपण पहिला घोट ओततो तो लिंबाचा किंवा कोल्ड्रिंकचा. आम्ल मारायला लाळच नसते. मी आता खजुरानंतर साधं पाणी पितो, मग जेवण, मग इच्छा झालीच तर सरबत, ते दोन-चार घोटांत संपवायचं, तासभर चघळत बसायचं नाही. वर पाण्याची चूळ. ब्रश निजण्यापूर्वी, आणि सहरीनंतर वेळ संपायच्या आत. रोज्यात पेस्ट वापरायला आपले बहुतेक उलेमा नापसंती दाखवतात, मिस्वाकला मात्र परवानगी आहे. मिस्वाक सुन्नत आहे, मीही करतो. पण झिजलेल्या दातांवर ती आडवी, जोर लावून घासायची नाही, हलकीच फिरवायची. आणि आंबट खाल्ल्यावर अर्धा तास ना ब्रश, ना मिस्वाक. मोहल्ल्यात दोघा-तिघांना हे सांगितलं तर एक साहेब म्हणाले, आता दातांचं शास्त्रही तुम्हीच शिकवणार का! मी म्हटलं, माझे दात बघा आणि ठरवा.

अब्बांच्या दातांत खनिज भरण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. ती मधली अवस्था त्यांच्यासाठी १९९० च्या आसपासच संपली असावी. बाईंनी वरच्या सहा दातांवर दाताच्या रंगाचं कंपोझिट थराथराने चढवून त्यांची उंची वाढवली. तीन फेऱ्या लागल्या. दात कापून टोप्या बसवायचाही पर्याय होता, पण जे थोडं उरलंय ते कापायला अब्बा तयार नव्हते, आणि बाईंनाही ते पटलं. खर्च मी आणि बहिणीने वाटून घेतला. कंपोझिटही झिजतं, काही वर्षांनी डागडुजी लागेल, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय. खालच्या दातांना फ्लोराइडचा लेप लावला, ते निदान आहेत तसे राहावेत म्हणून.

पहिले आठ दिवस अब्बा वैतागले होते. जीभ कुठे ठेवावी कळत नाही, म्हणाले, तोंडात कोणी पाहुणा येऊन बसल्यासारखं वाटतं. चहा कपाच्या कडेने सांडायचा. मग एका पहाटे मी घोटीला असताना पडवीतून आवाज आला. अब्बा हळू आवाजात, एकटेच, 'फ'चे शब्द म्हणत होते. फज्र, फलक, फातिहा, फलाह. अडखळले की पुन्हा पहिल्यापासून. मी बाहेर गेलो नाही.

मशिदीत आता एक तरुण मुअज्जिन आहे, मालेगावच्या मदरशातून शिकून आलेला, छान आवाजाचा. अब्बांनी अजान पुन्हा द्यायचं काही काढलेलं नाही आणि आम्हीही विचारलेलं नाही.

माझ्या दातांचा बाईंनी प्लास्टरचा साचा काढून ठेवला, फोटोही घेतले. झीज थांबली की चालूच आहे हे डोळ्यांनी कळत नाही. वर्षाने पुन्हा साचा काढून दोन्ही शेजारी ठेवायचे. पहिलं वर्ष भरलं तेव्हा फरक दिसला नाही. थंड पाण्याची कळ तीन महिन्यांतच कमी झाली होती, पूर्ण गेली नाही. दाढांवर जे दोन खळगे पडलेत, बहुतेक नारंगी गोळ्यांचे, ते आहेत तसेच आहेत आणि तसेच राहणार. जुना साचा बाईंनी मला देऊन टाकला. तो घोटीला अब्बांच्या कपाटात आहे, त्यांच्या काचेच्या हायड्रोमीटरशेजारी. अम्मी म्हणते, दोन्ही फेकून द्या, धूळ बसते. अब्बा दर शुक्रवारी दोन्ही पुसून परत ठेवतात.